गोष्ट, बोध आणि बिस्किटाचा पुडा

बालसाहित्याची समीक्षा करताना आपण गोष्टीतला बोध पारखतो. तिचा खर्च कोणी उचलला, हे सहसा विचारत नाही. १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘शक्तिमान’ या मालिकेकडे आम्ही आज याच दृष्टीने पाहू इच्छितो. मेहकर-चिखलीकडील घरांतही मुले या मालिकेसाठी दूरदर्शन संचासमोर खिळून बसत. भागाच्या शेवटी नायक त्यांना चांगल्या सवयींचे चार शब्द सांगे. आणि या मालिकेचे प्रायोजकत्व पार्ले-जी बिस्किटाकडे होते.

बिस्किट वाईट होते, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. मुलाने नायकावर टाकलेला विश्वास बोधासाठी होता. तो परस्पर विक्रीच्या कामी लावला गेला. मोठा माणूस जाहिरात ओळखतो आणि तिच्यावर शंका घेतो. लहान मुलाला कार्यक्रम कोठे संपला व जाहिरात कोठे सुरू झाली, हेच उमगत नाही. शिवाय पैसा त्याच्या हाती नसतो. म्हणून जाहिरात त्याला आईपुढे वकील म्हणून उभे करते. सोयाबीनच्या शेतात मजुरी करून परतलेली आई पाच रुपयांच्या पुड्याला ‘नाही’ म्हणते, तेव्हा मुलाच्या लेखी कठोर ठरते ती आई. मागणी निर्माण करणारा नामानिराळा राहतो.

कायद्याने हे अंशतः ओळखले आहे. १९९२ च्या कायद्याने तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातीला मनाई केली. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. २०२० च्या नियमांनी शाळेत व तिच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अति चरबी, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांची विक्री निषिद्ध ठरवली. २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुलांच्या कार्यक्रमांतून वेफर्स व शीतपेयांच्या जाहिराती वर्ज्य केल्या आणि ‘आईबाबांना घ्यायला लावा’ असे मुलांना थेट सुचविण्यासही मज्जाव केला.

परंतु एकावन्नाव्या मीटरवरील दुकानात पुड्यांच्या माळा लटकतातच. तेथे कायदा थांबतो आणि समीक्षेचे काम सुरू होते. ‘हे मला कोण सांगतो आहे, आणि कशासाठी?’ हा प्रश्न मुलाला विचारता आला पाहिजे. जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तेथे आईने सांगितलेल्या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. ती गोष्ट मुलाला काही देऊ पाहते. त्याच्याकडून काही विकत घेववीत नाही.