अंधाराचे चौकोन

'पथेर पांचाली' मी तीन तबकड्यांवर पाहिला. व्हीसीडीवर, म्हणजे 352 बाय 288 पिक्सेलमध्ये, दुर्गाच्या आजारपणातली वादळी रात्र म्हणजे नुसते थरथरणारे काळे चौकोन. डीव्हीडीवर चेहरे सापडले. पण टीव्हीनं 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ताणलं आणि वाळकी इंदिर ठाकरुण चक्क गुबगुबीत झाली! हा दोष तबकडीचा नव्हे, सेटिंगचा. मूळ निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनच्या आगीत होरपळली होती. तिच्यातून जे वाचलं, त्यावरून 4के पुनरुज्जीवन झालं. त्या ब्लू-रेवर सुब्रत मित्रांच्या अंधारालाही पोत आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं. फोनवर डेटा वाचवायला क्वालिटी उतरवलीत, की तेच चौकोन पुन्हा उगवतात. स्क्रीन कितीही भारी असो.