सोळाव्या जागेवरून

9 एप्रिल 2023. जपानच्या हानशिन रेसकोर्सवर गेट उघडले आणि जिच्यावर सर्वाधिक पैसे लागले होते ती लिबर्टी आयलंड मागेच रेंगाळली. अठरा जणींत सोळावी. इथून पुढचं दीड मिनिट मी कितीदा तरी पाहिलं आहे, आणि दर वेळी माझी नजर जॉकी युगा कावादाच्या हातांवर जाते. ते हात घाई करत नाहीत.

‘ओका शो’ म्हणजे चेरीच्या फुलांचं पारितोषिक. तीन वर्षांच्या फिलींची, म्हणजे कोवळ्या वयाच्या घोडींची, 1600 मीटरची ही शर्यत 1939 साली न्यूमार्केटच्या ‘वन थाउजंड गिनीज’च्या धर्तीवर सुरू झाली. आपल्या महालक्ष्मीवर धावली जाणारी ‘इंडियन वन थाउजंड गिनीज’ही त्याच घराण्यातली आणि तेवढ्याच अंतराची. ओका शो मात्र हानशिनला एप्रिलमध्ये, साकुरा फुललेला असताना होते.

पूर्वी इथे सुरुवातीनंतर लगेच वळण येई. आतली जागा पकडायला सगळ्या जिवाच्या आकांतानं सुटत आणि शेवटी दमून जात. 2006 च्या अखेरीस बाहेरचा मोठा ट्रॅक खुला झाला आणि शर्यतीची लयच बदलली. आता शेवटी सुमारे पावणेपाचशे मीटरची सरळ वाट असते आणि संपता संपता एक चढ. थांबून राहण्याला इथे अर्थ आला.

तरी थांबणं सोपं नव्हतं. त्या दिवशी पुढच्या जागा धरून धावलेल्या कोना कोस्ट आणि पेरिफानिया दुसऱ्या-तिसऱ्या आल्या, म्हणजे शर्यत पुढच्यांना साथ देणारी होती. अशा वेळी मागे राहिलेल्या फिलीला रेटण्याचा मोह कुणालाही झाला असता. कावादानं तिला तिच्या चालीनं जाऊ दिलं. वळण संपलं, ती बाहेरच्या बाजूला आली, मोकळं गवत दिसलं आणि तिचं अंग लांबत गेलं. शेवटचे 600 मीटर 32.9 सेकंदांत, ताशी 65 किलोमीटरहून अधिक वेगानं! आधीच्या हजार मीटरपेक्षा हा वेग जास्त होता, आणि त्यात तो चढही आला. एकूण वेळ 1 मिनिट 32.1 सेकंद, विजय घोड्याच्या पाऊण लांबीचा. एवढ्याशा अंतरात एवढं मोठं धाडस मावलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

पुढे तिनं जपानी ओक्स सहा लांबींनी जिंकली, मग शुका शोही, आणि फिलींचा तिहेरी मुकुट पुरा केला. 27 एप्रिल 2025 रोजी हाँगकाँगच्या शा टिनवर धावताना तिच्या पायाला जबर दुखापत झाली आणि तिला कायमचा निरोप द्यावा लागला.

ओका शोची ती चित्रफीत कधी पाहाल तेव्हा शेवटाकडे घाईनं जाऊ नका. आधीचे हजार मीटर पूर्ण पाहा, नजर सोळाव्या जागेवर ठेवून.