भाताचा न्याय मक्याला

पारंपरिक बियाण्यांची बाजू घेणारे लेख आम्ही आवडीने वाचतो. त्यांचा हेतू आम्हांला मान्य आहे. जीवशास्त्र मात्र पुष्कळदा अर्धेच असते. निवडक दाणे राखून ठेवावेत, पुढल्या वर्षी तेच पीक येते, हा त्यांतला ठरलेला सल्ला. रत्नागिरीच्या खाचरांत तो खरा ठरतो. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागकणांनी फळते. त्यामुळे खारजमिनीतला 'काळा रता' बांधापलीकडे दुसरी जात असली तरी बव्हंशी तसाच राहतो. 'रत्नागिरी-२४' ही सुधारित जात. तिलाही सरसकट 'हायब्रीड' म्हणतात, पण तिचेही बी घरी राखता येते. प्रमाणित बियाण्यासाठी भाताच्या दोन जातींत ३ मीटर अंतर पुरते.

मक्याला २०० मीटर लागते! मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेओसिंते या गवतापासून तो घडवला. तुरा शेंड्याला, कणीस खाली, आणि मधला व्यवहार वाऱ्याच्या हाती. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. परसात मेक्सिकोचा एखादा जुना पांढरा मका लावला आणि शेजारी त्याच वेळी पिवळा फुलला, तर पांढऱ्या कणसात त्याच हंगामात पिवळे दाणे दिसतात. वर्गात दाखवण्यासारखी याहून सोपी गोष्ट आम्हांला माहीत नाही. दोन्ही मके पांढरे असले तर मात्र भेसळ डोळ्यांना दिसत नाही आणि जात गुपचूप हरवते. दोनचार झाडांचेच बी धरले तरी पुढच्या पिढ्या खुरटतात. निदान शंभरेक झाडांचे दाणे मिसळावे लागतात. कोकणातली तुकड्यातुकड्यांची जमीन पाहता २०० मीटर म्हणजे शेजाऱ्याशी बोलणीच. या लेखांत त्याबद्दल अवाक्षर नसते, आणि विश्वासाने बी राखणारा दोष स्वतःच्या हाताला देतो.

उपाय आहे. केस बाहेर पडण्याआधी कणसावर कागदी पिशवी चढवावी. आदल्या संध्याकाळी बऱ्याच झाडांच्या तुऱ्यांना पिशव्या बांधून सकाळी त्यांतले पराग एकत्र करावेत, केसांवर शिंपडावेत आणि कणीस पुन्हा झाकावे. आठवी-नववीच्या मुलांना हे सहज जमेल. रत्नागिरीच्या जुलैत मात्र कागदी पिशवी तासभरही टिकायची नाही. हा प्रयोग हिवाळ्यात, विहिरीच्या पाण्यावर करावा.