देहाविना क्रियाकर्म : ‘फॉरबिडन गेम्स’ पुन्हा पाहताना

रने क्लेमां या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ज्यो अँतेर्दी’ हा १९५२ सालचा चित्रपट आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांत ‘फॉरबिडन गेम्स’ या इंग्रजी नावाने माहीत आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा खेळाआधी वाटलेल्या पत्रकात दोन ओळी होत्या : युद्धाची क्रूरता आणि बालमनाची निरागसता. पुढे जिथे जिथे या चित्रपटाविषयी वाचले, तिथे याच दोन ओळी थोड्याफार फरकाने भेटत गेल्या. चित्रपट मात्र दर खेपेला त्या ओळींपासून लांब सरकत गेला. त्यात क्रूरता आहे, पण युद्ध फारसे नाही. मुले आहेत, पण ती निरागस आहेत असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या चित्रपटाचा खरा विषय क्रियाकर्म आहे, असे माझे मत होत गेले आहे. ते इथे मांडतो.

प्रसंग जून १९४० मधला. १० मे रोजी जर्मन फौजांनी पश्चिमेकडे मुसंडी मारली आणि १४ जूनला त्या पॅरिसमध्ये शिरल्या. त्या काही आठवड्यांत उत्तर फ्रान्समधली लाखो माणसे मोटारी, घोडागाड्या, सायकली, हातगाड्या, जे मिळेल त्यावर संसार लादून दक्षिणेकडे निघाली. त्या लोंढ्यात पाच वर्षांची पॉलेत आपल्या आईवडिलांबरोबर आहे. विमाने येतात. तिच्या हातातला कुत्रा बिथरून पुलावर पळतो, त्याच्यामागे ती धावते, तिच्यामागे आईवडील धावतात. विमानातून गोळ्यांची सरळ रेघ येते आणि दोघे जागच्या जागी मरतात.

हा क्रम मुद्दाम सविस्तर सांगितला. कुत्र्यामागे मूल आणि मुलामागे आईबाप. पॉलेतला हे कधी उमगले की नाही, याबद्दल चित्रपट शेवटपर्यंत एक शब्द काढत नाही. ती आईच्या गालाला हात लावते, मग तोच हात स्वतःच्या गालाला लावून पाहते. इतकेच. बालनटाकडून रडणे काढून घेणे सोपे असते, हा फरक तपासणारा हात काढून घेणे फार अवघड. ब्रिजित फोसे तेव्हा खरोखरच पाच वर्षांची होती.

पुढे एक बाई तिला आपल्या गाडीत घेते आणि ‘मेलाय तो’ म्हणून तिच्या कुशीतला कुत्रा नदीत फेकून देते. पॉलेत त्याच्यासाठी प्रवाहाच्या कडेने जाते. आईवडिलांची प्रेते पुलावर मागे राहतात. ती कोणी उचलली, कुठे पुरली, पुरली तरी का, हे ना तिला कळते ना आपल्याला.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट आठवावी. ज्याचा देह सापडला नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे पालाशविधी सांगितला आहे. पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यायचा, म्हणजे मागे राहिलेल्यांना सुतक धरता येते आणि सोडताही येते. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा मृत्यू पार्वतीबाईंनी मान्य केला नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाऊंच्या तोतयाचे प्रकरण पुढे इतके वाढले, त्यामागेही हीच न मिटलेली खूण होती. देहाशिवाय मृत्यू पुरा होत नाही, मग कशाला तरी देह मानावे लागते. पॉलेतच्या हाती फक्त कुत्रा आहे.

ती नदीकाठी भटकत असताना पळालेल्या गाईमागे आलेला मिशेल दोले तिला भेटतो. अकराएक वर्षांचा, शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. तो तिला घरी नेतो. घरात त्याचा थोरला भाऊ घोड्याची लाथ बसून अंथरुणाला खिळला आहे, युद्धामुळे डॉक्टर मिळत नाही. त्याच घरात पॉलेतला कळते की मेलेल्या माणसांना खड्ड्यात ठेवतात. मग तिचा कुत्रा? त्यालाही खड्डा हवा. आणि तो एकटा पडेल, म्हणून सोबतीला आणखी कोणीतरी हवे. ओसाड गिरणीत, जिथे एक म्हातारे घुबड राहते, तिथे दोघांची स्मशानभूमी सुरू होते. कुत्र्याशेजारी चिचुंदरीसारखा एक जीव, मग एकेक करून बाकीचे. आणि प्रत्येकाच्या डोक्याशी क्रूस.

पॉलेतला प्रार्थना येत नाहीत, क्रूस म्हणजे काय हेही धड ठाऊक नाही. पॅरिसच्या घरात हे नव्हते, एवढे त्यातून सुचवले जाते. मिशेलला मात्र सगळे पाठ आहे. भावाच्या आजारपणात प्रार्थना म्हणायची वेळ येते तेव्हा मोठी माणसे त्याच्याकडेच वळतात. म्हणजे या खेळात एकाकडे विधी आहे आणि दुसरीकडे शोक आहे. हे वाटप मला चित्रपटातली सर्वांत पक्की गोष्ट वाटते. मिशेलचे मंत्र तोंडपाठ आणि कोरडे आहेत, पॉलेतच्या हातात ते पडतात तेव्हा त्यांना काम मिळते.

निरागसतेचा मुद्दा इथेच कोसळतो. स्मशानाला मृत लागतात. आपोआप मरणारे प्राणी पुरेनासे झाल्यावर मिशेल ते पुरवू लागतो. एका दृश्यात तो टाक हातात धरून विमानासारखा घरघर आवाज काढतो आणि टेबलावरच्या झुरळावर तो सूर मारून आणतो. पॉलेत ओरडते, मारू नकोस. तो सांगतो, मी नाही मारले, बॉम्बने मारले. या दृश्याला प्रेक्षकांत हमखास हशा येतो, मीही एकदा हसलो आहे. पण पुलावरची रेघ आणि हा टाक यांत फरक आकाराचा आहे, जातीचा नाही. पॉलेत रडते, रुसते, आणि नंतर झुरळालाही खड्डा मिळतो. आणखी सुंदर क्रूस हवा म्हणून ती मिशेलकडे ज्या डोळ्यांनी पाहते, त्यात हट्ट आहे, लाडीगोडी आहे, थोडा अधिकारही आहे. तिला निष्पाप ठरवून आपण तिच्यावर मायेपेक्षा अन्यायच अधिक करतो. जवळजवळ याच वेळी, १९५३ मध्ये, आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ आला. पडद्यावरच्या मुलाकडे पाहण्याची आपली नजर त्याने बराच काळ घडवली. तिथे मूल चुकते ते सुधारण्यासाठी. क्लेमांला पॉलेतला सुधारायचे नाही, म्हणून आपल्याला तिच्याशी काय करावे ते कळत नाही.

आता चित्रपटावरच्या एका आरोपाकडे येतो, कारण तो मला स्वतःला अनेक वर्षे टोचत होता. दोले कुटुंब आणि शेजारचे ग्वार कुटुंब यांचे हाडवैर आहे. एकमेकांवर कुरघोडी, खालच्या पट्टीतले टोमणे, दारावरून जाताना थुंकणे. ग्वारांचा फ्रान्सिस सैन्यातून पळून घरी येतो आणि दोल्यांची बेर्त त्याच्यावर जीव टाकते. हे सारे बरेचसे प्रहसनाच्या अंगाने रंगवले आहे. शहरी पटकथाकारांनी शहरी प्रेक्षकांसाठी शेतकऱ्याला गबाळा, लोभी आणि मूर्ख दाखवले, असा तो आरोप. जाँ ऑरांश आणि पिएर बोस्त या पटकथाकार जोडीवर त्रुफोने जानेवारी १९५४ च्या ‘काइये द्यु सिनेमा’त जो गाजलेला लेख लिहिला, त्याचा रोखही त्यांच्या साहित्यिक, वरून बघणाऱ्या वृत्तीवर होता. त्रुफोच्या लेखाने पुढे एक अख्खी पिढी उभी केली, आणि त्या धुरळ्यात क्लेमांचे नाव बरेच दिवस जुन्या खात्यावर पडून राहिले.

आरोपात तथ्य आहे. स्मशानातली मारामारी मला आजही खटकते. मुलाच्या थडग्यावरचा क्रूस गायब झालेला पाहून दोले समजतो की हे ग्वारचेच काम. तो ग्वारांच्या थडग्यावरचा क्रूस मोडायला धावतो, दोघे बाप हातघाईवर येतात आणि उघड्या खड्ड्यात पडून एकमेकांना बुकलतात. हा खड्ड्यात पडण्याचा विनोद फार आधीपासून दिसत राहतो. बांधावरून डोकी फुटलेली मी जवळून पाहिली आहेत. त्यांत हसण्यासारखे काही नसते आणि लढणारी माणसे इतकी सरळसोट नसतात.

पण या वैराला दुसरी बाजू आहे, ती आरोप करणाऱ्यांनी पाहिली नाही असे मला वाटते. घरात मुलगा मरायला टेकलेला असताना, डॉक्टर नसताना, देशाचे काय होणार हे माहीत नसताना, दोले कुटुंब एका परक्या पोरीला फारशी चौकशी न करता ठेवून घेते. यात ग्वारांनी तिला नेऊ नये ही ईर्षा मिसळलेली आहे, हे खरे. भलेपणाला ईर्षेचा हातभार लागतो, हे ज्याला खेडे माहीत आहे त्याला सांगायला नको. आदर्श शेतकरी रंगवण्यापेक्षा हे अधिक खरे आहे.

शिवाय हा दिग्दर्शक कोण, ते विसरू नये. १९४६ मध्ये क्लेमांनेच ‘ला बाताय द्यु राय’ केला होता. जर्मनांच्या गाड्या अडवणाऱ्या रेल्वे कामगारांच्या प्रतिकाराची ती गाथा, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या कान महोत्सवात तिचा सन्मान झाला. मुक्त झालेल्या फ्रान्सला स्वतःची जी प्रतिमा हवी होती, ती घडवण्यात त्या चित्रपटाचा वाटा मोठा. सहा वर्षांनी तोच माणूस १९४० च्या पराभवाकडे परत जातो, आणि त्याच्या चित्रपटात एकही वीर नाही. पळून आलेला एक सैनिक आहे, आणि त्याच्यावर कोणी फारसे रागावतही नाही. जर्मन सैनिक एकदाही दिसत नाही, दिसतात ती विमाने. १९५२ च्या फ्रान्समध्ये हे करणे ही साधी गोष्ट नव्हती. कान महोत्सवाच्या अधिकृत स्पर्धेत चित्रपटाला जागा मिळाली नाही. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये त्याला सुवर्णसिंह मिळाला, मागाहून परभाषी चित्रपटासाठीचे मानाचे ऑस्करही. छायालेखक रोबेर ज्युइलार होता. रोसेलिनीचा ‘जर्मनी, इयर झीरो’ त्यानेच चित्रित केला होता. पडलेल्या बर्लिनमधल्या एकट्या मुलाकडे पाहिलेला तोच डोळा पॉलेतकडे वळला, हा योगायोग असला तरी दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत.

नार्सिसो येपेसच्या गिटारबद्दल एवढेच सांगतो, की ती धून आज गिटार शिकणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षात वाजवतो आणि त्यामुळे ती थोडी झिजली आहे. तिच्या कर्तृत्वाबद्दलही वाद आहेत. चित्रपटात तिचे काम गोडवा आणणे हे नाही. एकाच वाद्याने सगळे निभावल्यामुळे वर भव्यता चढत नाही, हा तिचा मोठा गुण.

पुन्हा क्रुसांकडे वळतो. मिशेल आधी शववाहक गाडीवरचे क्रूस चोरतो आणि संशय ग्वारांवर ढकलतो. चर्चमध्ये पापनिवेदन करताना ही चोरी कबूल करतो, आणि ते उरकताच वेदीवरचा क्रूस उचलायला जातो. पाद्री त्याला पकडून बदडतो. मग एका रात्री, दूरवर तोफगोळ्यांनी आभाळ उजळत असताना, ही दोन मुले स्मशानातले क्रूस हातगाडीवर घालून नेतात. त्यांत मिशेलच्या सख्ख्या भावाचाही क्रूस असतो. ही गोष्ट मी बराच काळ दुर्लक्षिली होती. भावाला गाव पुरते, त्याच्यासाठी पाद्री येतो, शेजारीपाजारी येतात. त्याचे क्रियाकर्म झालेले आहे. ज्यांचे झालेले नाही त्यांच्याकडे मिशेल तो क्रूस वळवतो. चोर म्हणून हे अक्षम्य, पण हिशेब म्हणून त्यात खोट काढता येत नाही.

मोठ्यांच्या बाजूचा हिशेब पाहा. स्मशानातली मारामारी थांबवण्यासाठी पाद्री मिशेलचे नाव जाहीर करून टाकतो. पापनिवेदनात ऐकलेले ओठांबाहेर न काढणे हा त्याच्या पदाचा पहिला नियम. विधीची राखण ज्याच्याकडे, तोच तो मोडतो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. त्यानंतर पोलीस येतात. दोलेला वाटते क्रुसांसाठी आले, पण ते पॉलेतला अनाथांच्या व्यवस्थेत पाठवण्यासाठी आलेले असतात. बाप मिशेलशी सौदा करतो, क्रूस कुठे आहेत ते सांग, पोरगी इथेच राहील. मिशेल सांगतो. बाप कागदावर सही करून देतो.

बापाला खलनायक करणे मला पटत नाही. पोलिसांपुढे खेड्यातला माणूस किती वेळ उभा राहणार, आणि कायद्याने ती पोर त्याची कोणीच नव्हती. पण शब्द मोडला तो मोडलाच, आणि क्लेमां ते क्षणभरही सैल करत नाही. मिशेल गिरणीकडे धावतो, क्रूस उपटून ओढ्यात फेकतो. पॉलेतची माळ तो घुबडाला देतो, शंभर वर्षे सांभाळ म्हणून.

क्लेमांने या कथेला आधी एक चौकट दिली होती. नदीकाठी बसलेली दोन मुले पुस्तकातून ही गोष्ट वाचतात, अशी सुरुवात आणि तसाच शेवट. चित्रित केलेली ही दृश्ये त्याने काढून टाकली, ती आता स्वतंत्र पाहायला मिळतात. ती ठेवली असती तर सारे काही ‘एक गोष्ट’ झाले असते आणि आपण सुखरूप घरी गेलो असतो. फ्रांस्वा ब्वायेच्या ज्या कादंबरीवर हे बेतले आहे, तिच्या नावात ‘अज्ञात’ खेळ होते. चित्रपटाने ते ‘निषिद्ध’ केले. कोणी निषिद्ध केले, हा प्रश्न त्या बदललेल्या एका शब्दाने उघडा पडतो.

शेवट रेल्वे स्थानकावर आहे. पॉलेतच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली, आजूबाजूला निर्वासितांची दाटी. गर्दीत कोणीतरी दुसऱ्याच मिशेलला हाक मारते. ती उठते आणि त्या नावामागे धावत सुटते. मिशेल, मिशेल करत ती गर्दीत शिरते, आणि मध्येच तोंडातला शब्द बदलतो : आई. हा शब्द तिने पुलावर उच्चारला नव्हता, दोल्यांच्या घरात टाहो फोडून म्हटला नव्हता. स्मशान मोडले, क्रूस ओढ्यात गेले, आणि मग तो आला. ती गर्दीत दिसेनाशी होते.

गिरणीत खड्डे तसेच आहेत. कुत्रा तिथेच आहे.