कोमल रिषभाचं काय करायचं? गायन-गिटार इफेक्ट्स युनिटची एक चिकित्सा

पीएच.डी.च्या तयारीतले बरेच जण विचारतात, "रिसर्च गॅप कशी शोधायची?" आज उत्तर एका डब्याच्या निमित्ताने देतो. त्यात माझी स्वतःची चूकही आहे, तीही सांगतो.

मागच्या दिवाळीत मोशीतल्या एका सोसायटीत दिवाळी पहाटचा कार्यक्रम होता. गाणारा माझा जुना मित्र. चाकणच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, गिटार वाजवत अभंग आणि भावगीतं म्हणतो. दोन महिने ओव्हरटाइम करून त्याने गायन आणि गिटार दोन्ही एकत्र हाताळणारं इफेक्ट्स युनिट घेतलं होतं. माझा विषय ध्वनि-संकेतांचा, म्हणून त्याने मला आदल्या रात्री ऐकायला बोलावलं. रात्रीचे अकरा वाजले होते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी, ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. त्यामुळे सगळी चाचणी घरात, हेडफोनवर. मी दोन बिलावलच्या वळणाची गाणी ऐकली आणि म्हणालो, "मस्त आहे, बिनधास्त वापर."

सकाळी त्याने भैरवातला अभंग धरला आणि कोमल रिषभावर आवाज तुटायला लागला. आंदोलन घ्यावं तर सूर जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखा खालीवर. तो थांबला की मागच्या कृत्रिम साथीच्या आवाजांतून मध्येच एखादा हुंकार यायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण मित्र खाली उतरून एवढंच म्हणाला, "माझाच रे कच्चा आहे रे." पुढचे दोन कार्यक्रम त्याने सोडून दिले.

त्याचं युनिट कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. टीसी-हेलिकॉनचं व्हॉइसलाइव्ह ३ घ्या किंवा बॉसचं व्हीई-८, या जातीच्या यंत्रांची मूळ कल्पना एकच आहे: माइक आणि गिटार एकाच डब्यात जोडायचे, डब्याने गिटारचे कॉर्ड ओळखायचे आणि त्यावरून गाण्याच्या साथीला दुसरे-तिसरे आवाज तयार करायचे. सोबत रिव्हर्ब, कम्प्रेसर, लूपर आणि सूर दुरुस्त करणारा भाग असतोच.

आधी चांगलं ते सांगतो. एकट्या कलाकाराला ही मोठी सोय आहे. बाइकवर एक बॅग, स्टेजवर चार वायरी कमी, आणि गाता गाता पायाने आवाज बदलता येतो. गिटार थेट वायरने येते, म्हणून कॉर्ड बऱ्यापैकी स्वच्छ ओळखले जातात. यावर लिहिली जाणारी परीक्षणं बहुतेक इथेच थांबतात: इफेक्ट्स किती, बटणं कुठे, लूपर किती मिनिटांचा. माझा आक्षेप या परीक्षणांवर आहे. यंत्र काय करतं याची यादी मिळते. ते कशाला "बरोबर" मानतं, हे कुणी विचारत नाही.

आता भैरव बघा. सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, नी. मित्राने गिटारवर साचा मेजर कॉर्ड धरला होता. रागात शुद्ध ग आणि प आहेत, त्यामुळे कॉर्ड चुकीचा नाही. पण डब्याने त्यावरून मेजर सुरावट गृहीत धरली, म्हणजे आपला बिलावल थाट. त्यात सा शून्यावर आणि शुद्ध रे २०० सेंट्सवर (एका अर्ध्या सुराचे १०० सेंट्स). कोमल रे कुठे? जवळपास १०० वर, दोघांच्या बरोबर मध्ये! दुरुस्तीचा नियम असतो, "जवळच्या मान्य सुराकडे ओढ." आंदोलनात गळा १०० च्या थोडा खाली गेला की डबा साकडे ओढतो, थोडा वर गेला की शुद्ध रेकडे. जिना तयार होतो तो असा. बाराही सूर मान्य करणारी सेटिंग ठेवली तर कोमल रे वाचतो, पण आंदोलन सपाट होण्याची शक्यता राहते. शिवाय भैरवातला रे अनेकजण पेटीच्या रेपेक्षा किंचित उतरलेला लावतात, तो पुन्हा "सुधारला" जातो.

सूर ओळखण्याचं तंत्र समजून घ्या, ते उपयोगी पडेल. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आणणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींच्या संकेतांवर काम करत होते. तिथलं ऑटोकोरिलेशन त्यांनी गळ्याला लावलं: लहर स्वतःवरच थोडी सरकवून ठेवायची आणि किती सरकवल्यावर ती पुन्हा जुळते ते बघायचं. चाकण पट्ट्यात मेंटेनन्समध्ये काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, मशीनच्या कंपनांतही आपण अशीच पुनरावृत्ती शोधतो. याला किमान दोनेक आवर्तनं लागतात. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या सुराचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे २० मिलिसेकंद निव्वळ ओळखण्यात गेले. आणि एका वेळी एकच आवाज येतोय, हे त्यात गृहीत आहे. पहाटेला माइकच्या शेजारी तबला होता, सामध्ये लावलेला. मित्र गप्प झाला की माइकमध्ये तबल्याचा सा जायचा आणि डबा त्यालाच गायक समजून साथ द्यायचा. हुंकार तिथून येत होता. रात्री हेडफोनवर तबलाही नव्हता आणि मॉनिटरही. मी तपासलं ते एक आणि वापर झाला तो दुसराच. हीच माझी चूक.

"यंत्राने सूर बिघडतो" ही तक्रार जुनीच आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. आक्षेप असे होते की पेटीचे सूर ठरलेले आणि तिच्यात मींड निघत नाही. पण मराठी रंगभूमीवर पेटी रुळली ती रुळलीच. १९११ च्या 'मानापमान'ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नावाजलेले पेटीवादक. मग या डब्यालाही लोक सरावतील का? मला ही तुलना अर्धीच पटते. पेटी गायकाच्या शेजारी बसते. तिचा रे वेगळा लागला तरी गायकाचा रे ऐकणाऱ्यापर्यंत पोचतोच, आणि जाणता पेटीवादक नको तिथे बोट उचलतो. हा डबा गळा आणि स्पीकर यांच्या मध्ये बसतो. मूळ रे बाहेर येतच नाही, आणि गायकाला मॉनिटरमधून दुरुस्त केलेलाच ऐकू येतो. म्हणून तर माझ्या मित्राने स्वतःच्या गळ्याला दोष दिला.

आता रिसर्च गॅप. हे मोजायचं कसं? कोरडा आवाज आणि डब्यातून आलेला आवाज एकाच वेळी दोन ट्रॅकवर रेकॉर्ड करा. साहित्य तीन प्रकारचं ठेवा: सरळ सूर, मींड, आंदोलित कोमल रे. परिस्थितीही तीन: हेडफोन, शांत खोली, तबला-मॉनिटरसह स्टेज. मग दोन्ही ट्रॅकचे सुरांचे आलेख काढून तुलना करा. प्राट हे मोफत सॉफ्टवेअर त्याला चालेल. पण सावध राहा! प्राटमध्ये सूर शोधायची नेहमीची पद्धतही ऑटोकोरिलेशनवरच आधारलेली आहे. जिथे डबा फसतो तिथे तुमची मोजपट्टीही फसू शकते. म्हणून दुसऱ्या पद्धतीने ताळा करा आणि भैरव गाणाऱ्या दोन-तीन जाणकारांना कोणता ट्रॅक कोणता हे न सांगता ऐकवा.

मित्राकडे मी परत गेलो, तबलजीला घेऊन. सूर-दुरुस्ती आणि साथीचे आवाज बंद केले, रिव्हर्ब आणि कम्प्रेसर ठेवले. कोरडा ट्रॅक त्याला ऐकवला. दोनदा ऐकून म्हणाला, "हा तर बरोबर लागलाय." भावगीतांना तो साथीचे आवाज अजून वापरतो, तिथे ते छान वाटतात. भैरव आला की पायाने बंद करतो.

तुम्ही प्रपोजल लिहिताना एवढं करा: तुमच्या विषयात जे यंत्र, प्रश्नावली किंवा सॉफ्टवेअर वापरणार आहात, ते कशाला "बरोबर" मानतं हे एका वाक्यात लिहा. मग त्या "बरोबर"मध्ये न बसणारं एक खरं उदाहरण आपल्या आसपास शोधा. सापडलं तर कमेंटमध्ये सांगा, पुढच्या लेखात त्यावर बोलू.