चषक कोणाचा, कोचचा की संघाचा?

(शुक्रवार पेठ, सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय साधा वाटतो. कोच चांगला आहे हे ओळखायचं कसं? आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं: "किती जिंकला ते बघा." आज मला या उत्तरावरच टीका करायची आहे. हे उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. आणि अर्ध्या उत्तरावर आपण माणसं डोक्यावर घेतो, माणसं काढून टाकतो आणि आपली पोरंही कोणाच्या तरी हाती सोपवतो.

उदाहरण आपल्या मराठी माणसाचंच घेऊ. चंद्रकांत पंडित. आचरेकर सरांचे शिष्य, भारताकडून पाच कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते. बंगळुरूत, कर्नाटकविरुद्ध. पहिल्या डावाची आघाडी हातात होती, सामना अनिर्णित राहिला असता तरी चषक मिळाला असता. शेवटच्या दिवशी डाव कोसळला आणि हरले. मग जून २०२२. तेच मैदान, तोच मध्य प्रदेश, पंडित आता कोच, आणि समोर मुंबई. मध्य प्रदेश सहा गडी राखून जिंकला, पहिल्यांदा रणजी विजेता झाला. पंडितांच्या डोळ्यांतलं पाणी टीव्हीवर साऱ्यांनी पाहिलं.

कोच म्हणून त्यांचे रणजी चषक सहा. मुंबईबरोबर तीन (२००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६), विदर्भाबरोबर लागोपाठ दोन (२०१७-१८ आणि २०१८-१९), आणि मध्य प्रदेशबरोबर हा एक. आता सांगा, हे सहाही चषक एकाच तराजूत घालायचे का?

मी घालणार नाही. २०१५-१६ मध्ये पंडितांबरोबर मुंबई जिंकली, तो मुंबईचा एकेचाळिसावा चषक होता. म्हणजे चाळीस आधीच कपाटात होते. जिथं गल्लीगल्लीत फलंदाज तयार होतो, तिथं जिंकणं सोपं असतं असं नाही, पण जिंकण्याची सवय आयती मिळते. विदर्भाचं तसं नव्हतं. २०१७-१८ पूर्वी विदर्भाने रणजीचा अंतिम सामना कधी खेळलाच नव्हता. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: हाती काय मिळालं होतं? गुण मोजायचे ते तिथून पुढचे.

पण इथंही सावध राहायला हवं. वसीम जाफर विदर्भाकडे आला तो पंडितांच्या आधी. २०१८-१९ च्या हंगामात त्याने हजारावर धावा केल्या. कर्णधार फैज फजल भरात होता, रजनीश गुरबानीची गोलंदाजी ऐन वेळी फळाला आली. सगळं श्रेय कोचला दिलं, तर या सगळ्यांचं काय करायचं?

हाच वाद अमेरिकेत वर्षानुवर्षं चालू आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे त्या शिरस्त्राण घालून अंगावर धावून जायच्या खेळात, बिल बेलिचिक नावाचे कोच आहेत. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाला त्यांनी सहा वेळा विजेता केलं. पण सहाही वेळा संघात टॉम ब्रेडी होता. त्या खेळात क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढची चाल चालवणारा खेळाडू, आणि ब्रेडी त्या जागेवरचा सर्वांत मोठा. २०२० मध्ये तो टँपा बेला गेला आणि पहिल्याच हंगामात तिथं विजेता झाला. इकडे बेलिचिकच्या संघाने पुढच्या चार हंगामांत जिंकले त्यापेक्षा हरले जास्त. लोक म्हणाले, बघा, सगळं ब्रेडीचं होतं.

पण थांबा. २००८ मध्ये ब्रेडी पहिल्याच सामन्यात जखमी झाला. बेलिचिकने नवख्या खेळाडूला उभं करून सोळापैकी अकरा सामने जिंकले. म्हणजे कोचचं काहीच नव्हतं, असंही नाही. पंडितांच्या बाजूने मी जे म्हणतो ते हेच: तीन वेगळ्या संघांत, वेगळ्या खेळाडूंबरोबर तोच निकाल आला. खेळाडू बदलले, गाव बदललं, कोच तेवढा तोच राहिला. हा पुरावा सहा या आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

आता दुसरा प्रश्न: निर्णय चांगला होता की निकाल चांगला लागला? आपण या दोन्हींची नेहमी गल्लत करतो.

डिसेंबर २०१७. विदर्भ विरुद्ध कर्नाटक, रणजी उपांत्य सामना, कोलकात्यात. कर्नाटकला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या, ते १९२ वर बाद झाले. पाच धावांनी विदर्भ जिंकला. गुरबानीने सामन्यात बारा बळी घेतले. मंडळी, दोन चौकार इकडचे तिकडे झाले असते, तर विदर्भ अंतिम फेरीत गेला नसता आणि पंडितांवर तेव्हा इतकं लिहिलं गेलं नसतं. पण आधीच्या चार दिवसांत कोच म्हणून त्यांनी जे केलं होतं, त्यात तसूभरही फरक पडला नसता!

त्याच्या उलट बाजू बघा. आदल्याच हंगामात पंडित मुंबईचे कोच होते. संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि गुजरातकडून हरला. मुंबईने पुढच्या हंगामात कोच बदलला. तोच माणूस विदर्भात गेला आणि लागोपाठ दोन चषक घेऊन आला. एका सामन्याच्या निकालावर माणूस तोलला, की असं होतं.

अमेरिकेतला एक प्रसंग तर या बाबतीत पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. फेब्रुवारी २०१५, सुपर बोल. सिएटल चार गुणांनी मागे. गोलरेषा एक यार्डावर, घड्याळात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. संघात धावून घुसणारा तगडा गडी आहे. कोच पीट कॅरॉल यांच्या संघाने धावण्याऐवजी पास टाकला, तो विरोधकाने पकडला आणि सामना गेला. इतिहासातला सर्वांत मूर्ख निर्णय, असं दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले. पण हिशोब मांडा. पास हुकला तर घड्याळ थांबतं आणि आणखी संधी उरतात. धावताना अडवला गेला तर वेळ पळत राहतो. आणि त्या हंगामात एक यार्डावरून टाकलेला पास विरोधकाच्या हाती गेल्याचं तोवर घडलंच नव्हतं. निर्णयावर वाद घालता येईल, पण त्याला मूर्खपणा म्हणता येत नाही. मूर्ख ठरला तो निकालामुळे.

आता अमोल मुजुमदार घ्या. तेही आचरेकर सरांचेच शिष्य, आणि २०२२ च्या त्या अंतिम सामन्यात हरलेल्या मुंबईचे कोच. भारताकडून एकही सामना न खेळलेला हा माणूस २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचा कोच झाला. २०२५ च्या विश्वचषकात संघ लागोपाठ तीन सामने हरला, इंग्लंडकडून तर अवघ्या चार धावांनी. त्या इंग्लंडच्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं होतं. मग तिला परत आणलं, तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ केल्या. ८२ वर असताना तिचा झेल सुटला होता. तो झेल पकडला गेला असता, तर मुजुमदार यांच्याबद्दल आपण आज काय बोललो असतो?

तिला बाहेर बसवणं चूक होतं, असं मला वाटतं. पण ती चूक त्यांनी पुढच्याच सामन्यात सुधारली, हट्ट धरला नाही. कोचची परीक्षा मी इथं घेईन. विश्वचषक मिळाला नसता तरी हा गुण मी त्यांना दिला असता.

तिसरा प्रश्न: हा माणूस कुठल्या कामाला चांगला आहे? पंडित आयपीएलमध्ये कोलकात्याकडे गेले. २०२३ मध्ये संघ सातवा, २०२४ मध्ये विजेता, २०२५ मध्ये आठवा. २०२४ मध्ये संघात मार्गदर्शक म्हणून गौतम गंभीर होता, तेव्हा श्रेयाची वाटणी पुन्हा अवघड. त्यांची कडक शिस्त काही परदेशी खेळाडूंना जाचली, असं त्यांच्यातल्या एकाने नंतर उघड सांगितलं. विदर्भाच्या विशीतल्या पोराला जी शिस्त घडवते, ती जगभर खेळून आलेल्या पस्तिशीच्या माणसाला टोचते. म्हणजे "चांगला कोच" ही एक जातच नाही. घडवणारा वेगळा, घडलेल्यांना सांभाळणारा वेगळा.

आणि शेवटचा प्रश्न, मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा: तो गेल्यावर काय उरलं? दोन चषकांनंतर, २०१९-२० मध्ये, पंडित असतानाच विदर्भ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. मग ते गेले. पण विदर्भ परत विस्मृतीत गेला नाही. २०२३-२४ मध्ये अंतिम सामना खेळला, २०२४-२५ मध्ये पुन्हा विजेता झाला, दुसऱ्या कोचच्या हाताखाली. याचं सगळं श्रेय पंडितांना देणार नाही, नागपूरच्या अकादमीचं काम त्यांच्या आधीपासूनचं आहे. पण आपण अंतिम सामना जिंकू शकतो, ही गोष्ट त्या ड्रेसिंग रूमला त्यांच्या काळात पहिल्यांदा पटली. ती पुढेही टिकली.

म्हणून माझा निवाडा असा: पंडित हे देशांतर्गत क्रिकेटमधले आपल्या काळातले सर्वांत मोठे कोच आहेत. ते चषक सहा आहेत म्हणून नव्हे. त्यातले तीन अशा ठिकाणी आले, जिथं आधी एकही नव्हता, म्हणून.

आता हे सगळं सोलापुरात सांगायचं कारण काय? आपल्या पार्क मैदानाच्या आसपास सकाळी पाचला बॅगा घेऊन निघालेली पोरं बघा. कुठल्याही अकादमीच्या फ्लेक्सवर एका मुलाचा फोटो असतो, "जिल्हा संघात निवड". सोडून गेलेल्या, खांदा दुखावून घेतलेल्या, दहावीत खेळ बंद केलेल्या मुलांचा फोटो नसतो. आपण फ्लेक्स बघून फी भरतो. आपल्या पुरस्कारांतही शिष्यांची पदकंच मोजली जातात. तिथंही न मिळालेल्या पदकांमागची मेहनत दिसत नाही.

तालमीतल्या जुन्या लोकांची रीत मला जास्त पटते. वस्तादाची पारख ते जोड बघून करत: कुठल्या पोराला कोणाशी लढवतो, कधी लढवत नाही. कच्च्या पोराला गर्दीसाठी मोठ्या मल्लापुढे सोडणारा वस्ताद त्यांच्या लेखी वस्तादच नव्हता, मग पोरगं नशिबाने जिंकलं तरी.

तेव्हा पालकांनो, पुढच्या वेळी कोचला "किती पोरं निवडली गेली?" एवढंच विचारू नका. विचारा, आली तेव्हा ती कशी होती? निवड न झालेली आज काय करतात? आणि एका तासासाठी जाऊन सराव बघा, सामना नको. सामन्यात निकाल दिसतो. सरावात कोच दिसतो.