दोन तारखांचा फोन

स्मार्टफोन जुना झाला म्हणजे नेमके काय होते? पुष्कळदा पडदा, बॅटरी, आवाज सारे ठीक असते. निर्मात्याने त्याच्यासाठी सुधारित आज्ञावली पाठवणे तेवढे थांबवलेले असते. त्यानंतर सुरक्षेतील ज्या त्रुटी उघडकीला येतात, त्या त्या फोनमध्ये तशाच राहतात. हे जुनेपण झिजेतून नव्हे, निर्णयातून आलेले असते. हा निर्णय न मानता जुने फोन अद्ययावत ठेवणाऱ्या वापरकर्त्यांच्या गटांचे कौतुक होते, ते रास्तच आहे. पण कौतुक नेमके कशाचे करायचे, हे तपासायला हवे.

अँड्रॉइडची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते. हे सारे काम त्यावर उभे आहे. २००९ साली स्टीव्ह कॉन्डिक ह्यांनी सुरू केलेले सायनोजेनमॉड हा त्यातला गाजलेला आरंभीचा प्रयत्न. पुढे त्याच्याभोवती कंपनी निघाली आणि डिसेंबर २०१६मध्ये तिने ह्या सेवा बंद केल्या. आज्ञावली खुली असल्यामुळे स्वयंसेवकांनी ती लिनिएजओएस ह्या नावाने पुढे नेली. सॅमसंगचा २०११मधला गॅलेक्सी एस-२ हा फोन निर्मात्याने अँड्रॉइड ४.१वर सोडला होता. स्वयंसेवकांनी त्यावर ७.१ चालवून दाखवले.

मात्र फोनमधील आज्ञावल्या एकावर एक मजल्यांसारख्या रचलेल्या असतात. वर अँड्रॉइड, त्याखाली लिनक्सचा गाभा आणि तळाशी मोडेम, कॅमेरा, ग्राफिक्स चालवणाऱ्या आज्ञावल्या. तळमजल्यावरच्या ह्या आज्ञावल्या मुख्यतः चिप बनवणाऱ्या कंपनीच्या असतात व केवळ यंत्रभाषेत मिळतात. अनेकींवर कंपनीची अंकीय स्वाक्षरी असते. बदल केला की फोन त्या नाकारतो. त्यामुळे स्वयंसेवक वरचे मजले नव्याने बांधतात, पण तळ जुनाच ठेवावा लागतो. मोडेममधील त्रुटी नव्या अँड्रॉइडने बुजत नाही.

लिनिएजओएसने २०१८ साली आणलेल्या 'ट्रस्ट' ह्या सोयीत सुरक्षेच्या दोन तारखा वेगवेगळ्या दिसतात: एक अँड्रॉइडची, दुसरी निर्मात्याकडून आलेल्या भागाची. जुन्या फोनवर पहिली पुढे सरकत राहते, दुसरी थांबलेली असते. आपल्या कामाची मर्यादा वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवणारा हा प्रामाणिकपणा आम्हाला ह्या प्रकल्पाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. 'फोन पुन्हा नवा झाला' असे सांगणारे त्याचे चाहते इतके काटेकोर नसतात. हा बदल करताना फोन सुरू होण्याच्या वेळचे कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडावे लागते. फोन परक्या हाती पडल्यास ते धोक्याचे असते. बँकांची काही अ‍ॅप्स असा फोन नाकारतात. शिवाय एखाद्या फोनची जबाबदारी घेणारा स्वयंसेवक थांबला, तर तो फोन दुसऱ्यांदा पोरका होतो.

निर्माताही ह्या अडचणीतून सुटत नाही. हॉलंडच्या फेअरफोन कंपनीचा २०१५मधला फेअरफोन-२ पाहा. त्याच्या चिपसाठी क्वालकॉमचा पाठिंबा अँड्रॉइड ६शी संपला. तरी कंपनीने लिनिएजओएसच्या कामाचा आधार घेऊन २०२१ साली त्यावर अँड्रॉइड ९ दिले आणि मार्च २०२३पर्यंत तो सांभाळला. निर्माता व स्वयंसेवक एकत्र आले, तर फोन सात वर्षे टिकतो, एवढे ह्यावरून सिद्ध झाले.

म्हणून आमचे मत असे: ह्या गटांनी एक कठीण प्रयोग यशस्वी केला आहे, पण तो निर्मात्याच्या कर्तव्याला पर्याय नाही. विनावेतन केलेल्या कामाची स्तुती करताना, वस्तू विकून पैसे घेणाऱ्याची जबाबदारी आपण नकळत माफ करतो. पाठिंबा थांबवायचाच असेल, तर तळमजल्याची मूळ आज्ञावली व चिपची माहिती खुली करावी, ही मागणी कौतुकापेक्षा अधिक उपयोगाची आहे.

वर्गात एक पाहणी सहज करता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधून सुरक्षा-सुधारणेची तारीख टिपावी आणि शेजारी फोन विकत घेतल्याचे वर्ष लिहावे. चालू अवस्थेतले किती फोन केवळ निर्णयाने 'जुने' झाले आहेत, ते त्या तक्त्यावरून दिसेल.